अनोळखी माणसाचा पाठ

बुधवार, १४ तारीख
सकाळ

चि. मनीस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ढमी मजेत आहे, म्हणजे अजून झोपली आहे, पलंगावर आडवी, आणि डोक्याखाली नेहमीप्रमाणे माझी उशी. काल संध्याकाळी जेवली बऱ्यापैकी. दूध प्यायली नाही, पण ते ती तुझ्या हातूनही पीत नाही, तेव्हा त्याचं खापर माझ्यावर नको. माझा गुडघा आहे तसाच. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबरने तीनदा हुलकावणी दिली आणि आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला विद्यार्थ्यासारखं रागावता." मी म्हटलं, विद्यार्थी वेळेवर येतात.

तुझ्या ऑफिसातली ती उंच मैत्रीण दुपारच्या गाडीने तिकडे यायला निघते आहे. म्हटलं तिच्या हाती चार ओळी द्याव्यात. फोन असताना आईला हे काय सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं पुढे लिहिते.

तुझं प्रशिक्षण कसं चाललंय? शेवटचा महिना आहे, तेवढा रेटून ने. खोलीतल्या दुसऱ्या बाईंचं घोरणं कमी झालं का? कानात कापूस घाल आणि लवकर झोप.

काल फोनवर मी जे सांगितलं त्यात खोटं असं काही नव्हतं. ढमीचा बाप बालवर्गात आला, तिला घेऊन गेला, पोलिसांनी दोघांना बागेत गाठलं, पोर सुखरूप घरी आली आणि तो चौकीत आहे. एकेक शब्द खरा. त्यावर तू म्हणालीस, "बरं झालं. आता काही झालं तरी तक्रार मागे घ्यायची नाही. ढमीच्या ताब्यासाठी वकिलांना आता वेगळं काही सिद्धच करावं लागणार नाही." आणि मी "हं" म्हटलं. मने, तो "हं" मला रात्रभर छळतो आहे.

म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. मधे थांबवायला तू समोर नाहीस, तेवढा फायदा घेते.

आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावरचा बालवर्ग तुला माहीत आहे. त्याला लागून ती काचेची खोली. आतून मुलं दिसतात, मुलांना मात्र तिथे नुसता आरसा दिसतो. तू चार वर्षांची असताना त्या आरशाला जीभ दाखवली होतीस आणि पलीकडे माझा अख्खा वर्ग हसला होता. त्या खोलीचा नियम एकच. आत काहीही होवो, माझ्या विद्यार्थिनींनी हलायचं नाही, बोलायचं नाही, दिसेल तेवढंच टिपायचं, आपलं मत घालायचं नाही. पहिल्या वर्षाला आलेली पोर "मूल रुसलं" असं म्हणाली की मी तिला विचारते, रुसवा तुला दिसला का, की खाली गेलेली मान दिसली? दोन-तीन महिन्यांत सगळ्या सुतासारख्या सरळ होतात. या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

दरवर्षी या सुमारास मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी एक पाठ ठेवते. आधी आठवडाभर मुलांना गोष्टींतून, खेळांतून शिकवायचं की अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. मग एक दिवस खराच कुणी अनोळखी माणूस आत सोडायचा. त्याने एखाद्या मुलाला म्हणायचं, "चल, तुझ्या आईने मला पाठवलंय." मूल जातं की नाही, ते काचेमागून बघायचं. गेलंच, तर त्याने त्याला फाटकाबाहेरच्या बाकापर्यंत आणायचं. त्या बाकावर मी बसलेली असते. मूल माझ्या ताब्यात येतं, पाठ संपतो. पालकांची लेखी संमती घेतलेली असते. ढमीसाठी मीच सही केली. तुला विचारलं नाही, कारण तू उगाच काळजी करत बसली असतीस.

यंदाचा अनोळखी माणूस म्हणून आमच्या ग्रंथपालबाईंचा मेहुणा ठरला होता. भला माणूस, नाटकातही कामं करतो. फाटकावर मी एका मुलीला उभी केली आणि तिला बजावलं, "माणूस येईल. अडवायचं नाही, हसायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. जाऊ द्यायचं आणि येऊ द्यायचं." ती बिचारी मान हलवून उभी राहिली.

आणि मी बाकावर नव्हते.

तुझ्या वकिलांचा फोन आला म्हणून मी उठून आत गेले. बाहेर रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ते म्हणत होते, "मॅडम, प्रतिज्ञापत्र तयार आहे, गुरुवारी सही करा. मुलगी बापाला ओळखत नाही, त्याच्याबद्दल विचारत नाही, त्याचं नाव काढलं की बिथरते, एवढंच आहे त्यात. आजी कुणीही असते, पण तुम्ही बालशिक्षणाच्या प्राध्यापिका आहात. कोर्टात तुमच्या शब्दाला वजन आहे." मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून "हो, हो" म्हणत होते. त्याच वेळी माझी नात फाटकातून बाहेर गेली.

फोन ठेवून मी काचेच्या खोलीत डोकावले. मुली खुशीत होत्या. त्यांतली एक चष्मेवाली कुजबुजली, "मॅडम, एक मूल गेलं. अगदी सहज गेलं." मी म्हटलं, पुढे बोलू. बाकाकडे जायला वळले तर दारात ग्रंथपालांचा मेहुणा उभा, घामाघूम, डोक्यावर कुणाची तरी मागून आणलेली टोपी. म्हणाला, "माफ करा हं, बस चुकली. सुरू करू का?"

मी मागे वळून विचारलं, "कोणतं मूल?" चष्मेवाली म्हणाली, "तुमचीच नात. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम तसं ठरवलंय." मी म्हटलं, "काय दिसलं ते सांग." आणि त्या पोरीने मी शिकवलं तसंच सांगितलं, एकही शब्द पदरचा न घालता. "उंच माणूस आला. दाराशी थांबला. मुलगी ठोकळे रचत होती. तिने वर बघितलं. हातातला ठोकळा खाली ठेवला. धावत गेली. माणूस उकिडवा बसला. मुलीने दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरली. तो काही बोलला नाही. तिनेच कपाटातून आपले बूट आणले. त्याने डाव्या हाताने बंद बांधले. मुलगी हात धरून गेली. जाताना वर्गाला टाटा केला."

डाव्या हाताने म्हटल्यावर मला कळलं. तो कोण, ते तिथेच कळलं. तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं आता बसून लिहिणं सोपं आहे. तेव्हा मात्र डोळ्यांपुढे तू दिसायला लागलीस. पोरीच्या आधी तू दिसलीस, हेही लिहून टाकते.

धावत फाटकाशी गेले. फाटकावरची मुलगी माझा चेहरा बघूनच रडायला लागली. ती जे बोलली ते मी काल तुला सांगितलं नाही. ते हे.

"मॅडम, ते आले आणि म्हणाले, 'मला आत जरा भेटू देतील का?' मी म्हटलं, 'या ना, तुमचीच वाट बघतोय. आत जा, हवं ते मूल घ्या आणि या.' ते म्हणाले, 'खरंच? मॅडमना चालेल?' मी म्हटलं, 'मॅडमनीच तर सांगितलंय.' मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा बाकावर तुम्ही नव्हतात. मी म्हटलं, 'मॅडम दिसत नाहीत, तुम्ही पुढे व्हा.'"

वाचलंस ना? त्याने चोरून नेलं नाही, पळवून नेलं नाही. परवानगी मागितली आणि आम्ही दिली. आमच्याच दारात, माझं नाव घेऊन दिली. इतके महिने तो मला फोन करत होता आणि मी तुझ्या शब्दाखातर उचलत नव्हते. त्याला वाटलं असेल, सासूबाईंना अखेर दया आली.

हे सगळं कानांनी ऐकून मी प्राचार्यांबरोबर चौकीत गेले. वाटेत रिक्षात प्राचार्य म्हणाले, "आपण थोडक्यात सांगू. माणूस आला आणि मूल घेऊन गेला. पाठबीठ काही काढू नका, कॉलेज बंद पडेल." चौकीतल्या साहेबांनी विचारलं, "कुणाच्या परवानगीने नेलं?" मी म्हटलं, "कुणाच्याच नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. प्राचार्यांनी मला भाग पाडलं असं म्हणायची सोय आहे, पण तसं नाही. त्या क्षणी मला कॉलेजपेक्षा तुझी केस दिसत होती. वाटलं, आयतं हातात आलंय.

फार शोधावं लागलं नाही. कालव्याकाठच्या बागेत होते दोघं. ढमी घसरगुंडीच्या पायथ्याशी बसली होती आणि तो गुडघा टेकून तिच्या मोज्यातली वाळू झटकत होता. मला बघून उठला आणि हसला. म्हणाला, "आई, तुम्ही भेटू दिलंत, फार बरं वाटलं. आत्ता आणूनच सोडणार होतो." तेवढ्यात शिपायाने त्याचा दंड धरला. त्याने शिपायाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत राहिला. मी बोलले नाही. ढमी हातात एक मोजा घेऊन उभी होती.

त्याला गाडीत बसवलं. तो ओरडला नाही, हिसका दिला नाही, एवढंच म्हणाला, "तिला तिकडे वळवा, तिला हे दिसू देऊ नका." मी तिला वळवलं. पण तिला दिसायचं ते दिसलं होतं.

घरी आल्यावर ती ठोकळे घेऊन बसली. मी शेजारी बसले, घाई केली नाही, आपणहून बोलेल म्हणून थांबले. जे वर्गात शिकवते ते सगळं केलं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आजी, बाबा अनोळखी आहे का?"

मूल असं काही विचारतं तेव्हा लगेच उत्तर द्यायचं नाही, प्रश्न त्यालाच परत द्यायचा, म्हणजे त्याच्या मनातलं कळतं. इतकी वर्षं हेच शिकवत आले. मी अगदी शहाण्यासारखं विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला नाही वाटत. पण तूच पोलिसांना बोलावलंस." आणि मग, "मी त्याच्याबरोबर गेले म्हणून त्याला नेलं का?"

मी नाही म्हटलं. दहादा म्हटलं. जवळ घेतलं, पण अंग ताठ ठेवून बसली होती. तू मला रागाने एकदा म्हणाली होतीस, "आई, तू मला मुलगी म्हणून कमी आणि प्रात्यक्षिक म्हणून जास्त वाढवलंस." काल संध्याकाळी ते आठवलं आणि फार लागलं.

आता नीट वाच.

मी त्याच्या बाजूची नाही. तान्ही पोर तुझ्या अंगावर टाकून त्याने तुला न विचारता दूरची नोकरी धरली, सणासुदीपुरता तेवढा आला. तिला न्यूमोनिया झाला तेव्हा इस्पितळाच्या बाकावर तू आणि मी होतो, तो नव्हता. आता परत आला, हात जोडतो, म्हणून ते पुसलं जात नाही. तुझा राग खरा आहे आणि तो तू हवा तेवढा कर, मी तुला कधी अडवणार नाही. नवरा म्हणून त्याला घरात घे असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण पोर बापाला ओळखत नाही, बिथरते, हे खरं नाही. ते मला पूर्वीही वाटत होतं. त्याचा फोटो तिने माझ्या कपाटातून काढून उशीखाली ठेवला होता आणि मी तो गपचूप परत जागेवर ठेवला, तुला सांगितलं नाही. काल तर माझ्या अख्ख्या वर्गाने बघितलं. त्या प्रतिज्ञापत्रावर मी सही करणार नाही. वकिलांना आज तसं कळवते.

आणि मी आज चौकीत जाऊन जबाब बदलणार आहे. फाटकावरची मुलगी माझ्याबरोबर येते आहे. तिची आई नको म्हणत होती, पण पोरगी ठाम आहे. "मी बोलले ते मीच सांगणार," म्हणाली. मी साहेबांना सांगेन की परवानगी आम्ही दिली होती, काल मी खोटं बोलले. खोट्या जबाबाचं माझं काय करायचं ते ते ठरवतील. प्राचार्यांना सकाळीच फोन करून सांगितलं. ते आधी चिडले, मग समजावू लागले, मग म्हणाले, "निवृत्तीला इतकी थोडी वर्षं राहिली असताना कशाला हे?" मी म्हटलं, तेवढी वर्षं मला वर्गात उभं राहायचंय म्हणून. ते म्हणाले, वर्गाचं आता विसरा. चौकशी बसेल, बालवर्ग काही महिने बंद राहील, आणि मला बहुतेक घरी बसवतील. बसवू देत.

फोन न करता पत्र का लिहिलं, त्याचं दुसरं कारण आता लिहिते. तू फोनवर रडली असतीस तर मी थांबले असते. मी स्वतःला ओळखते. हे तुझ्या हातात पडेल तोवर माझा नवा जबाब झालेला असेल.

तुझे वकील म्हणतील, तुमच्या आईनेच केस बुडवली. बुडेलही कदाचित. कोर्ट त्याला भेटीचे दिवस देईल. तू मला विचारशील, तू माझी आई आहेस हेच विसरलीस का? तू पहिल्या गाडीने येऊन ढमीला माझ्याकडून घेऊन गेलीस, तरी मी दारात आडवी येणार नाही. मला त्याची भीती वाटते, मने. रात्रीपासून दुसरी कसलीच वाटत नाही. तुम्ही दोघी नसलात तर या घरात मी कुणाला रागवायचं?

ढमी उठली. मोजे स्वतःच शोधते आहे आणि एकच सापडलाय, म्हणून पलंगाखाली शिरली आहे. आज तिला शेजारी ठेवून जावं असं आधी वाटलं होतं, पण तिला बरोबर नेते आहे. चौकीच्या आत नाही. समोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ग्रंथपालबाई तिला घेऊन बसतील. मुलाने जे अर्धं बघितलं, ते त्याला पुरं बघायला मिळालं पाहिजे. बापाला नेताना तिने बघितलं आहे. त्याला सोडतात, तो स्वतःच्या पायांनी बाहेर येतो, तिच्यामुळे काही झालेलं नाही, हे माझ्या दहा वेळा सांगण्याने तिला पटणार नाही. ते तिला दिसू दे. आजच सोडतील की नाही माहीत नाही. नाही सोडलं तर उद्या पुन्हा जाऊ. परवाही जाऊ.

आणि तो बाहेर आला की मी तिचा हात धरून ठेवणार नाही. ती धावली तर धावू देईन. मी तिथेच उभी राहीन आणि त्याच्या देखत तिला सांगेन की काल आजी चुकली. हे मी तुला विचारून करत नाही, तुला सांगून करते आहे. पोर तुझी आहे. पण काल ती ज्याच्यामुळे ताठ होऊन बसली, ते मी केलं आहे, आणि ते मलाच निस्तरलं पाहिजे.

मैत्रिणीकडे डबा देत नाही, घाई आहे. जेवत जा. उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस, फोनवर ओरडलीस तरी चालेल. या खेपेला तुझं वाक्य मी मधे तोडणार नाही.

तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालेली,
तुझीच
आई